अडतीस पावलं

हिनोसे, ता. २ ऑक्टोबर २०१८

प्रिय तोमोएताई,

पत्राच्या सुरुवातीला हवेबद्दल चार ओळी लिहायची पद्धत आहे. त्या आज गाळते, धीर नाही. आपला काझुमा सुमोतला मानाचा पैलवान झाला! तुला हे मी कळवावं हा वेडेपणा आहे, तू त्याची आई आहेस. पण इथे गेला आठवडा कसा गेला ते तुला कोण सांगणार?

बुधवारी सकाळी टोफूवाल्या बाई समाजमंदिराच्या दारात चपला न काढता आत आल्या आणि ओरडल्या, "मिसाओ, तो झाला! हिनोआराशी झाला!" मी हातातली चावी टाकून त्यांच्या गळ्यात पडले. शेहेचाळीस वर्षांच्या बाईने असं करावं का, हे मी रात्री रोजनिशीत लिहिलं आहे. उत्तर लिहिलेलं नाही. मासळीच्या गाडीवाल्याने भोंग्यावरून बांगड्याच्या भावाआधी ती बातमी सांगितली. साठ वर्षांत आपल्या इवामी भागातल्या कुणाच्या कमरेला मानाच्या पैलवानाचा तो भरजरी पडदा लागलेला नाही.

मग दुपारी वर्तमानपत्र आलं. त्यात काझुमाचं आखाड्यातलं नाव देऊन छापलं होतं: "हिनोआराशी, ह्योगो प्रांत, आमागासाकी शहर." म्हणजे नोव्हेंबरच्या स्पर्धेत रोज आखाड्यात उतरताना तोच पुकारा होणार. नाव आपल्या गावावरून घेतलेलं आणि गाव दुसऱ्याचं!

समाजमंदिराच्या ओसरीतली ती भिंत तुला आठवत असेल, 'हिनोसेची नामवंत माणसं'. बारा खिळे, अकरा तसबिरी. देवळातल्या नाचाचे कागदी मुखवटे करणारे, ब्राझीलला कॉफीचा मळा करणारे, ओढ्यातल्या शेवाळाच्या अभ्यासात आयुष्य घालवणाऱ्या बाई. बारावा खिळा मी कामाला लागल्यापासून रिकामा आहे, दर शनिवारी मी तो पुसते. नोसाका गुरुजी समितीचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, "काझुमा चालेल. पण नियम एकच, जन्म गावाच्या हद्दीत झालेला हवा. मिसाओ, तू लेखी घे." तेव्हा ताई, तो कुठे जन्मला ते दोन ओळींत कळव. पहिलं बाळंतपण म्हणून तू माहेरी आली होतीस एवढं मला माहीत आहे.

आणखी एक लिहायचं की नाही, ठरत नव्हतं. किहाचीमामांना, तुझ्या बाबांना, मी पळत जाऊन बातमी सांगितली. त्यांनी दूरदर्शन बंद केलं आणि म्हणाले, "तो आपला नाही." मग मुळ्याची पानं निवडत बसले.

तुझी,
मिसाओ


आमागासाकी, ता. ६ ऑक्टोबर

मिसाओ,

तुझं पत्र तव्यासमोर उभी राहून वाचलं, कोबीची दोन धिरडी करपली. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, मुलगा पैलवान झाला म्हणून आम्ही कोळसा खायचा का?" म्हटलं, खा, आज फुकट आहे!

इकडे काय चाललंय म्हणून सांगू. आमच्या ह्यांनी दुकानावर एवढा मोठा कापडी फलक लावलाय की समोरच्या न्हाव्याची पाटी झाकली. न्हावी भांडायला आला आणि जाताना काझुमाची सही मागून गेला. तो जरीचा पडदा मी तालमीत जाऊन पाहिला. बैलाच्या झुलीपेक्षा जड आहे गं. मी म्हटलं, "काझुमा, हे नेसून चालशील कसा?" म्हणाला, "आई, तू मला उचलून बाजार करायचीस ना, तसाच."

आता मुद्दा. पुकारा हिनोसेचा व्हावा हे त्याच्याच मनात आहे. वस्तादांना म्हणाला, "मी हिनोसेचा. आईच्या माहेरी जन्मलो. नावसुद्धा तिथलंच घेतलंय." वस्ताद म्हणाले, "तू म्हणतोस म्हणून मी कसं बदलू? तुझ्या गावाने लिहून द्यावं की हा आमचा. पंचवीस तारखेच्या आत." तर बाई, तूच लिही. समाजमंदिराचा गोल शिक्का मार. तो आपल्या घरी जन्मला, मागच्या खोलीत, जिथून कौलांच्या भट्टीचं धुराडं दिसतं तिथे. झालं?

बाबांचं मनाला लावून घेऊ नकोस. ते असेच. तब्येत कशी आहे तेवढं कळव.

तोमोए


हिनोसे, ता. ११ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी दाखला लिहायला घेतला. कागद चांगला घेतला, शाई नवी भरली. जन्मतारीख लिहिली, १० डिसेंबर १९९५, आणि हात थांबला.

माझी खोड तुला माहीत आहे, मी सतराव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते. लिहिलेलं कधी उलटून बघत नाही, स्वतःचीच लाज वाटते. त्या दिवशी बघितलं. दहा डिसेंबर, रविवार. पानावर एवढंच आहे: "सकाळपासून बर्फाळ पाऊस. आईने दुपारी मामांकडे मुळे द्यायला पाठवलं, घर बंद. साडेतीनला मामा आमच्याकडे आले. डगला नाही, ओलेचिंब, दात वाजत होते. डगला भट्टीवर विसरलो म्हणाले." आणि तू बाळंत झाल्याची बातमी पंधरा तारखेच्या पानावर आहे, तीसुद्धा आमागासाकीहून आलेल्या पत्रातून. ताई, मागच्या खोलीत मूल जन्मतं त्या दिवशी घर बंद कसं असेल?

तुझ्यावर संशय घेते आहे, याचं मला वाईट वाटतं. पण शिक्का माझ्या हातात आहे आणि त्याच्याखाली खोटं आलं तर उद्या काझुमाचंच नाव जाईल.

मी गुपचूप दवाखान्यात चौकशी केली. तिथे निराळीच गंमत कळली. आपल्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली १९८९ साली बंद झाली, सुईणबाई त्याआधीच वारल्या होत्या. तेव्हापासून हिनोसेचं प्रत्येक मूल बोगद्यापलीकडे आकाउराच्या इस्पितळात जन्मतं. गुरुजींना म्हटलं, "तुमच्या नियमाने तीस वर्षांत या गावात कुणी जन्मलेलंच नाही. तुमची तिन्ही नातवंडं आकाउराची." गुरुजी चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "माझी नातवंडं?" मग चष्मा चढवून, "तरी नियम तो नियम."

खरं काय ते लिही. मी कुणाला सांगणार नाही. पण खोटं लिहून देणारही नाही.

मिसाओ


आमागासाकी, ता. १५ ऑक्टोबर

मिसाओ,

तुझी ती रोजनिशी एकदा चुलीत घालायला हवी. घे, ऐक.

मी आले होते खरी. आठ तारखेला, पोट हे एवढं. आई तर मी दहा वर्षांची असतानाच गेली. पण पहिलं बाळंतपण माहेरी करतात, या पोटाकडे बघून बाबा विरघळतील असं वाटलं. शेजारच्या भट्टीवाल्याचं स्थळ मोडून मी जत्रेत धिरडी विकणाऱ्याबरोबर गेले होते ना. दोन दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. रविवारी जेवताना मी म्हटलं, "मुलगा झाला तर नाव तुम्ही ठेवा." त्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "धिरडीवाल्याच्या पोराचा या गावाशी काय संबंध? तो हिनोसेचा नाही." मी उठले, टॅक्सी बोलावली. रागात कळा कधी सुरू झाल्या कळलंच नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ओकिमुरांची टॅक्सी. बोगद्याचं काळं तोंड. मी डोळे मिटून घेतले, आणि काझुमा रडला. टॅक्सीतच, मिसाओ! बोगद्याच्या आत की पलीकडे, मला ठाऊक नाही. ओकिमुरांनी स्वतःचा डगला काढून त्याला गुंडाळलं. मग रुग्णवाहिका, आकाउरा, आणि नोंद आकाउराची. तो डगला परत द्यायचा राहिला, अजून माझ्या कपाटात आहे. निळा, पाठीवर भट्टीची खूण, नववर्षाला भट्टीकडून गावभर वाटायचे तसला.

पोराला मी लहानपणापासून सांगत आले की तू आजोबांच्या घरी जन्मलास. आजोबांनी पोटात असतानाच गावाबाहेर घालवलं, हे कोणती आई सांगेल? त्यालाही ते खरं वाटत राहिलं, म्हणून तर हे नाव घेतलं. मला पुकारा हवाय तो माझ्यासाठी नाही. बाबा त्र्याऐंशीचे आहेत. ते वाक्य त्यांनी बोललेलं शेवटचं राहू नये, जाण्याआधी त्यांच्या कानांवर दुसरं काहीतरी पडावं, एवढंच.

आता तुझं मन काय सांगेल ते कर. दहा दिवस उरलेत.

तोमोए


हिनोसे, ता. १९ ऑक्टोबर

ताई, ताई, ताई!

बसून वाच. तव्यासमोर नको.

तुझं पत्र आलं आणि मी सायकल काढून थेट ओकिमुरा आजोबांकडे गेले. ते आता टॅक्सी चालवत नाहीत, अंगणात मासे सुकवतात. मी विचारलं, "तोमोएताईचं मूल बोगद्यात जन्मलं का?"

"बोगद्यात? मी काय वेडा आहे का? बोगद्यात माझा वायरलेस बंद पडायचा. रुग्णवाहिका कशी बोलावणार? अलीकडेच थांबलो, बसथांब्याच्या छपराखाली. तिथेच झालं पोरगं."

"अलीकडे? म्हणजे आपल्या बाजूला?"

"बोगद्याच्या आपल्या तोंडाशी. लाल कौलांचं छप्पर आहे ना, तेच."

मी तिथल्या तिथे उडी मारली, त्यांची माशांची एक दोरी तोडली. अलीकडे! मी बोगद्यापर्यंत तीन किलोमीटर सायकल मारत गेले, वाटेत दिसेल त्याला हात करत. थांबा तसाच आहे. बाकावर बसले, डोळे भरून आले. मनात दाखला लिहूनही झाला.

आणि मग, ताई, मला तो दगड दिसला. हिनोसे आणि आकाउराची हद्द बोगद्याच्या मध्यावर आहे असं मला जन्मभर वाटत होतं. सगळ्या गावाला वाटतं. ती तिथे नाही. ती अलीकडच्या ओढ्यावर आहे, गवतात दगड आहे, अक्षरं अजून वाचता येतात. थांबा त्याच्या पलीकडे. मी पावलं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली, चाळीस.

मला तो दगड बघायचाच नव्हता असं वाटलं. मग वाटलं, कुणी बघितलंय? सगळ्यांना हद्द बोगद्यात वाटते ती तशीच वाटू दे. असा विचार मी केला, लपवत नाही. घरी येईपर्यंत करत होते.

वाटेत पुन्हा ओकिमुरांकडे थांबले, दोरी बांधून द्यायला. सहज म्हटलं, "आजोबा, तुमचा डगला ताईने जपून ठेवलाय."

"माझा? मी गणवेशात होतो, पोरी. सोनेरी बटणांचा कोट, मालकाचा. तो कसा देणार? मागून कुणीतरी डगला माझ्या हातात कोंबला. मी पोराची नाळ बघू की माणसाचं तोंड बघू?"

ताई, मी रस्त्यावरच रोजनिशीचं ते पान आठवून उभी राहिले. डगला नाही, ओलेचिंब, भट्टीवर विसरलो म्हणाले. रविवार होता. रविवारी भट्टी बंद असते. हे मी तेविसाव्या वर्षी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि बावीस वर्षं विचारलं नाही.

मी मामांकडे गेले. ते ओसरीवर होते. मी सगळं एका दमात सांगितलं, टॅक्सी, वायरलेस, छप्पर, दगड. ते ऐकतायत की नाही कळेना. शेवटी मी म्हटलं, "आणि मामा, दगडापासून चाळीस पावलं बाहेर."

"अडतीस," मामा म्हणाले.

मी पायरीवर बसले.

"तुझी पावलं लहान आहेत. अडतीस. दर दहा डिसेंबरला जाऊन मोजतो."

मग बोलले. ताई, त्यांचेच शब्द लिहिते, मी त्यांच्यासमोरच कागदावर घेतले. "ती गेली आणि मी सायकल काढली. परत बोलवायला. वाटेत ठरवत होतो काय बोलायचं. पोचलो तर पोर रडत होतं. ओकिमुरा ओरडला, काहीतरी गरम द्या! मी डगला दिला आणि छपराच्या मागे जाऊन उभा राहिलो. रुग्णवाहिका जाईपर्यंत. पुढे यायचं होतं गं. पण जेवताना बोललो होतो ना, हिनोसेचा नाही म्हणून. आणि बघितलं तर दगड मागे राहिलेला. माझा शब्द खरा झाला. मीच त्याला अडतीस पावलं बाहेर घालवला. आता तो मोठा झाला म्हणून कुठल्या तोंडाने आपला म्हणू?"

मी म्हटलं, "मामा, डगला कुठल्या गावचा होता?"

ते उठले. आत गेले. मला वाटलं चिडले. बाहेर आले ते शिक्क्याची डबी घेऊन. "काय लिहिणार आहेस ते लिही," म्हणाले, "पण खरं लिही."

मी हे लिहिलं: "हिनोआराशी हा हिनोसेच्या हद्दीत जन्मला नाही. हद्दीच्या दगडापासून अडतीस पावलं बाहेर, हिनोसेच्या डगल्यात तो पहिल्यांदा गुंडाळला गेला. तो आमचा आहे." खाली मामांनी नावाचा शिक्का मारला. पहिल्यांदा उलटा उमटला. दुसऱ्यांदा सरळ. दोन्ही ठेवलेत. समाजमंदिराचा गोल शिक्का मी शेजारी मारला. पाकीट याच टपालाने तालमीत जातंय. वस्ताद काय म्हणतील, देव जाणे.

तुझी,
मिसाओ


आमागासाकी, ता. २४ ऑक्टोबर

मिसाओ,

बसून वाचलं. दुकान बंद करून वाचलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी. ह्यांनी विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, कुणीतरी आलं.

डगला काढून हुंगला. कापराचा वास येतो, दुसरं काही नाही. तरी हुंगला.

काझुमाला मी तालमीत जाऊन सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. एवढा मोठा माणूस, जमिनीकडे बघत बसला. मला वाटलं, गेलं, आता हा माझ्याशी बोलायचा नाही. मग म्हणाला, "म्हणजे आजोबा तिथे होते?" म्हटलं, होते. "भिजले?" म्हटलं, मिसाओच्या वहीत लिहिलंय, दात वाजत होते. तर हसायला लागला गं, डोळे पुसत. म्हणाला, "आई, तुझी ती मागच्या खोलीची गोष्ट काही एवढी चांगली नव्हती."

वस्तादांनी तुझा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "चाळीस वर्षांत मी गावांची शंभर पत्रं पाहिली. सगळी म्हणतात, हा आमच्याच मातीत जन्मला. बाहेर जन्मला असं लिहिणारं गाव पहिलंच." आणि अर्जावर सही केली.

झालं, मिसाओ! झालं! डगला वेगळ्या पुडक्यातून पाठवते. पण तो भिंतीसाठी नाही, बाबांसाठी. थंडी पडेल आता.

पहिल्या दिवशी मी मैदानात असेन. इथलं मी सांभाळते, तिकडचं तू बघ आणि एकही शब्द न गाळता लिही. तू कसली गाळतेस म्हणा!

तोमोए


हिनोसे, ता. ११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

अजून घसा बसलेला आहे, हात मात्र शाबूत आहे, म्हणून आजच लिहिते.

समाजमंदिरात दोनशे माणसं होती. चपलांचा ढीग ओसरी ओलांडून रस्त्यावर गेला. टोफूवाल्या बाईंनी घरचं तेल वापरून तळण आणलं. गुरुजी कोट घालून पहिल्या रांगेत. ओकिमुरा आजोबा येईल त्याला सांगत होते, "माझ्या गाडीत जन्मला!" मामा येणार नाही म्हणाले होते. सव्वादोनला दारात दिसले, तो निळा डगला घालून. बाह्या आता त्यांना लांब होतात. मधली जागा आपोआप रिकामी झाली.

दूरदर्शनवर पैलवान एकेक करून आखाड्यावर चढायला लागले. काझुमा पाचवा. तो पडदा त्याला शोभतो गं, झूल म्हणू नकोस. आणि निवेदकाचा आवाज आला, संथ, जणू रोजचंच आहे: "हिनोआराशी. शिमाने प्रांत, हिनोसे गाव…"

पुढचं तालमीचं नाव कुणाला ऐकू आलं नाही. छप्पर उडायचंच राहिलं. कौलं लाल असली तरी जुनी आहेत.

गलका थांबला तेव्हा मामा कानाला हात लावून माझ्याकडे बघत होते. "काय म्हणाला तो?" त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं. मी ओरडले, "हिनोसे!" त्यांनी मान हलवली, ऐकू आलं नाही अशी. मागून गुरुजी ओरडले, "हिनोसे!" मग सगळे दोनशे जण, तळणाचे हात वर करून, "हिनोसे! हिनोसे!"

कुस्ती तो हरला, तुला माहीतच आहे. चार श्वासांत बाहेर. इथे कुणाच्या फारसं लक्षातच आलं नाही.

बाराव्या खिळ्यावर तसबीर लागली. गुरुजींनी नियम बदललेला नाही, त्याखाली एक ओळ वाढवली आहे, स्वतःच्या अक्षरात: "किंवा गावाने ज्याला पांघरूण घातलं असेल." त्यांनी नातवंडांना बोलावून ती वाचून दाखवली. तसबिरीखाली जन्मस्थळाच्या जागी मी लिहिलंय: हद्दीबाहेर, अडतीस पावलं. चाळीस लिहावं का, असा एकदा विचार आला. पण मामांची मोजणी बावीस वर्षांची आहे.

मामांना घरी पोचवायला मी गेले. दारात मी विचारलं, "मामा, खरंच ऐकू आलं नव्हतं का?"

ते डगल्याच्या बाहीत हात ओढून घेत म्हणाले, "पहिल्यांदाच आलं होतं. पुन्हा ऐकायचं होतं."

मग म्हणाले, "तोमोएला लिही. दहा डिसेंबरला मी थांब्यावर असतो. पोराला घेऊन ये म्हणावं. तिथून घरी चालत येऊ."

तुझी,
मिसाओ